मुरमाची वाट आधी बागायतदाराची

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत फ्रान्समधील द्राक्षप्रदेशातून ग्रॅव्हल बाइकने हिंडण्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. बसच्या खिडकीतून दिसणारा फ्रान्स सोडून सायकलच्या वेगाने दिसणारा फ्रान्स मराठी वाचकांपुढे आला, याचा मनापासून आनंद झाला. तरीही लेखात एक मोठी उणीव राहिली आहे. त्यात या वाटांचे वर्णन निसर्गाने पर्यटकांसाठी अंथरून ठेवल्यासारखे आले आहे. त्या मुळात कोणाच्या आहेत, कशासाठी पाडल्या गेल्या आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत तिथे परक्याने जाऊ नये, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे, गेली पंधरा वर्षे सायकल चालवतो, आणि जून २०२३ व सप्टेंबर २०२४ असा दोन वेळा त्या प्रदेशात सायकलने हिंडून आलो आहे. बागायतदार आणि सायकलस्वार या दोन्ही नात्यांनी मला जे दिसले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावे म्हणून हे पत्र.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रॅव्हल बाइक म्हणजे शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली सायकल. डांबरी रस्त्यावर ती अडखळत नाही आणि मुरूम, खडी, शेतातली चाकोरी यांवरही ती निभावून नेते. म्हणूनच फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशात ती इतकी चपखल बसते, कारण तिथल्या बागांमधून जाणाऱ्या वाटा दर दोन-तीन किलोमीटरला रूप बदलतात. आता डांबर, मग चढावर काँक्रीट, मग पांढरी खडी, मग दोन चाकोऱ्यांच्या मधोमध वाढलेले गवत.

पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी या द्राक्षप्रदेशातील बोन या गावापासून सांतनेपर्यंत सुमारे २० किलोमीटरची सायकलवाट आहे. तिचे फ्रेंच नावच मुळी ‘द्राक्षवेलींची वाट’ असे आहे. पोमार, व्होलने, मर्सो, पुलिन्यी-मोंत्राशे, शासान्य-मोंत्राशे ही जगभर ज्यांच्या नावाने वाइन विकली जाते ती गावे या एकाच वाटेवर ओळीने लागतात. मात्र ही वाट सायकलसाठी नव्याने बांधलेली नाही, बागायतदारांच्या रोजच्या वहिवाटीच्या रस्त्यांवर छोट्या पाट्या लावून ती जोडून घेतली आहे. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साडेनऊशेच्या आसपास वेली बसतात. बर्गंडीत मीटर-मीटरवर लागवड असते, हेक्टरी १०,००० वेली, म्हणजे एकरी चार हजार. वेल कमरेच्या वर फारशी जात नाही आणि दोन ओळींमध्ये साधा ट्रॅक्टर शिरूच शकत नाही. त्यामुळे तिथे उंच पायांचा, वेलींची ओळ पोटाखाली घेऊन चालणारा ट्रॅक्टर वापरतात. असा ट्रॅक्टर ओळ संपल्यावर बाहेर येऊन वळतो तो या वाटेवरच. जून २०२३ मध्ये पोमारच्या पुढे मी एका कोपऱ्यावर थांबून अर्धा तास हे वळणे पाहत बसलो होतो. फुलोरा नुकताच उरकला होता, मजूर तारा वर उचलून काड्या त्यांत अडकवत होते आणि यंत्र शेंडे मारत चालले होते. शेंडा मारल्यावर हवेत येणारा तो हिरवा, आंबूस वास निफाडला आणि पोमारला एकच आहे, हे कळल्यावर मला परदेशात असल्याचा विसर पडला.

या वाटांना इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी तिथली जमीनधारणा पाहावी लागते. क्लो द व्हूजो ही दगडी भिंतीने वेढलेली बाग सुमारे ५० हेक्टरांची आहे. सिस्टर्शियन साधूंनी ती शेकडो वर्षे एकहाती राखली, आणि आज तिचे जवळपास ऐंशी मालक आहेत. एकेका कुटुंबाच्या वाट्याला इथे चार ओळी, पलीकडच्या गावात सहा ओळी, टेकडीवर आणखी एक पट्टा अशी जमीन येते. बर्गंडीत अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या १,२४७ शिवारतुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. एवढ्या विखुरलेल्या जमिनीत बागायतदाराचे निम्मे काम म्हणजे एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर वेळेत पोचणे. पाणंद रस्ता अडला म्हणून तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

वाटांचा कायदाही जाणून घेण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये गावाच्या मालकीचे ग्रामीण रस्ते लोकांच्या वापरासाठी खुले असतात. परंतु बागांमधल्या अनेक वाटा त्या प्रकारच्या नाहीत; त्या लगतच्या जमीनमालकांच्या सामायिक आहेत, त्यांचा उपयोग शेतीच्या वहिवाटीसाठी आहे, आणि मालकांनी ठरवले तर बाहेरच्यांना त्या बंद करता येतात. जमिनीवर उभे राहून पाहिले तर दोन्हींचा मुरूम सारखाच दिसतो. मोबाइलवरचे सायकलिंगचे नकाशे याआधी तिथून कोण गेले एवढेच दाखवतात, वाट कोणाची आहे हे दाखवत नाहीत. म्हणून खुणा केलेली अधिकृत वाट सोडून आत वळायचे असेल, तर साखळी, पाटी, अडसर यांतले काहीही दिसताच परत फिरावे आणि शंका आल्यास गावातल्या कचेरीत विचारावे. मला प्रत्येक वेळी नीट उत्तर मिळाले आहे.

आता सप्टेंबर २०२४ विषयी. त्या वेळी मी एकटा गेलो नव्हतो; एका सहल संस्थेच्या गटात होतो, आम्ही अठरा जण होतो. तोडणीच्या हंगामात ‘खऱ्या द्राक्षवाटांवरून’ नेऊ, असे त्यांच्या पत्रकात छापले होते आणि त्याच ओढीने मीही नाव नोंदवले होते. मर्सोच्या वरच्या अंगाला एका बाजूला रचलेल्या दगडांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला वेली अशा अरुंद वाटेत आमच्यापैकी एकाचे टायर फाटले. ट्यूबलेस टायरमधला पांढरा द्रव खडीवर सांडला आणि सगळा गट वाटेतच पसरून उभा राहिला. एवढ्यात वरून क्रेट भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. चालक माझ्याच वयाचा होता. त्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि काही न बोलता आमच्या सायकली एकेक करून भिंतीला लावू लागला. वाट मोकळी व्हायला दहा-बारा मिनिटे गेली. तेवढ्यात मी ट्रॉलीजवळ जाऊन क्रेट पाहिले. घड लहान होते, काही घडांत निम्मे मणी सुकून तपकिरी, चामड्यासारखे झाले होते. ते पाहताक्षणी ओळखू आले. केवडा, म्हणजे आम्ही बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतो तो द्राक्षवेलीचा रोग.

२०२४ हे वर्ष बर्गंडीला फार वाईट गेले. पाऊस थांबतच नव्हता, केवडा बागांमध्ये पसरत गेला आणि उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले. फळधारणेनंतर अवकाळी पावसात रात्र-रात्र फवारणीचे पंप चालवणे म्हणजे काय असते, ते आम्ही जाणतो. अशा वर्षी हाताला लागलेला प्रत्येक क्रेट ऊन चढण्याआधी दाबयंत्रापर्यंत पोचायला हवा असतो, आणि त्याच क्रेटच्या वाटेत आम्ही अठरा जण हौसेने जाऊन उभे राहिलो होतो. त्या माणसाने आम्हाला एक शब्द बोलला असता तर मला बरे वाटले असते. त्या संध्याकाळी मी गटप्रमुखाला विचारले, तेव्हा ‘वाट सर्वांची असते’ असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

केवड्यावरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती वाटसरू आणि वाटेकडेची वेल यांच्याच नात्याची आहे. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्यालगतच्या वेलींवरची द्राक्षे येणारे-जाणारे तोडून खात. ती चाखायला नको वाटावी म्हणून तिथले बागायतदार कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत असत. १८८२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांच्या लक्षात आले की बाकीच्या बागेची पाने केवड्याने गळून गेली असताना याच कडेच्या ओळी हिरव्या राहिल्या आहेत. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे ठेवले. नाशिकपासून सांगलीपर्यंत प्रत्येक द्राक्ष बागायतदाराच्या तोंडी असलेले ‘बोर्डो’ ते हेच. सायकल थांबवून कडेचा मणी तोंडात टाकण्याचा मोह कोणाला झाला तर त्याने एवढे आठवावे की त्या ओळीवर आजही फवारणी होत असते; फ्रान्समध्ये तर फवारणीनंतर त्या तुकड्यात मजुरांनाही शिरता येत नाही, औषधानुसार किमान ६ तासांपासून ४८ तासांपर्यंत थांबावे लागते. समोर फवारणी चालू दिसली तर सायकलस्वाराने वाऱ्याच्या वरच्या बाजूने वळसा घ्यावा हे उत्तम.

व्होन-रोमाने गावाच्या वर रोमाने-कोंती ही जेमतेम १.८ हेक्टरांची, म्हणजे साडेचार एकरांची बाग आहे. तिथली वाइन जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक आहे, तरी तिथे ना काटेरी तारा आहेत ना पहारा. बुटक्या भिंतीवर एक पाटी आहे. आपण इथे येता हे आम्ही समजू शकतो, मात्र कृपया रस्त्यावरच थांबावे, बागेत पाऊल टाकू नये, अशा आशयाची विनंती तिच्यावर फ्रेंच आणि इंग्रजीत कोरली आहे. मी तिथे असताना छायाचित्रासाठी दोन जण भिंत ओलांडून आत गेले. ओळीत पाय पडला की माती दबते, दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. आम्ही घरच्या बागेत पाहुण्यांनाही याच कारणाने बोदावर, म्हणजे वेली लावलेल्या मातीच्या उंचवट्यावर, चढू देत नाही.

आपल्या लेखात एक तपशिलाची चूकही आहे. जिव्री ते क्लुनी हा मार्ग लेखकाने ग्रॅव्हल मार्गांमध्ये धरला आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ साली झालेली ही सुमारे ४४ किलोमीटरची वाट फ्रान्समधली अशा प्रकारची पहिलीच ‘हिरवी वाट’ मानली जाते, आणि ती गुळगुळीत डांबरी आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी तिच्याइतकी सुरक्षित वाट नाही. क्लुनीच्या पुढे माकोंच्या दिशेने ब्वा क्लेर नावाचा १.६ किलोमीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांच्या निद्रेसाठी बंद ठेवतात आणि तेव्हा घाटाच्या रस्त्याने वर चढून जावे लागते. ज्यांना खरोखर मुरूम हवा आहे त्यांनी खालची प्रसिद्ध गावे सोडून बोन आणि न्युई-सँ-जॉर्जच्या वरच्या डोंगराळ भागात जावे. तिथे बागा विरळ होतात, जंगलातल्या चुनखडीच्या वाटा सुरू होतात, आणि ट्रॅक्टरची वर्दळ कमी असल्याने कोणाच्या कामात आपण आड येत नाही. पाऊस पडून गेल्यावर मात्र दोन दिवस थांबावे. तिथली चुनखडीमिश्रित चिकणमाती आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. टायर आणि फ्रेमच्या मध्ये ती इतकी गच्च बसते की चाक फिरायचे थांबते, मग काटकीने खरवडत बसावे लागते. शिवाय ओल्या वाटेत रुतलेल्या चाकांच्या चऱ्यांतूनच पुढचे पाणी वाहते आणि उतारावरची माती खाली नेते. त्या उतारांवर पूर्वी वाहून गेलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर नेऊन टाकत असत.

शर्यतींमुळे या वाटांचे नाव अलीकडे पुष्कळ झाले, तेही लेखात यायला हवे होते. १८९६ पासून चालत आलेल्या पॅरिस-तूर शर्यतीत २०१८ पासून तूरजवळच्या वूव्रे गावाच्या बागांमधल्या कच्च्या वाटा घेतल्या गेल्या. २०२२ मध्ये महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये त्रुआ ते बार-स्यूर-ओब हा टप्पा शँपेनच्या पांढऱ्या वाटांवरून गेला आणि स्वित्झर्लंडच्या मार्लेन रॉयसर यांनी तो जिंकला. पुरुषांच्या २०२४ च्या टूरमध्ये नवव्या टप्प्याला त्रुआहून निघून त्रुआलाच परतताना कच्च्या रस्त्याचे १४ तुकडे होते, एकूण ३२ किलोमीटरचे. अँथनी तुर्जिस पहिला आला. दूरचित्रवाणीवर धुळीचे ते लोट पाहून अनेकांना तिथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शर्यतीच्या दिवशी ते रस्ते परवानगीने, अन्य वाहतूक थांबवून मोकळे केलेले असतात. इतर ३६४ दिवस त्याच वळणामागून ट्रॅक्टर येऊ शकतो, आणि तिथे शर्यतीच्या वेगाने उतरणे धोक्याचे आहे.

तोडणीच्या दिवसांतच ज्यांना रजा मिळते, त्यांना मी बर्गंडीऐवजी दक्षिणेतला कनाल द्यु मिदी हा कालवा सुचवीन. तुलूझपासून सेतजवळच्या खाडीपर्यंत २४० किलोमीटरचा हा जलमार्ग प्येर-पोल रिके यांनी खणून घेतला. १६८१ मध्ये तो खुला झाला तेव्हा रिके यांना जाऊन वर्षही झाले नव्हते. कालव्याच्या लाभक्षेत्रात वाढलेल्या माझ्यासारख्याला सर्वांत नवल वाटले ते त्याच्या पाण्याच्या सोयीचे. कालव्याच्या माथ्यावर, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच भागात, बारमाही पाणी नव्हते, म्हणून डोंगरातले ओढे वळवून सँ-फेरेओलचे धरण १६७२ पर्यंत बांधून काढले आणि ते पाणी पाटाने माथ्यावर आणून दोन्ही बाजूंना सोडले. काठाची वाट ही पूर्वी घोड्यांनी नावा ओढण्याची वाट, त्यामुळे ती सलग आणि जवळजवळ सपाट आहे, आणि बागा तिच्या बाजूला असल्या तरी बागेतली वहिवाट तिच्यावरून जात नाही. तुलूझकडचे पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत. पुढे माती, खडे आणि प्लेन वृक्षांची वर आलेली मुळे लागतात, आणि कार्कासोननंतर मिनेर्व्हुआच्या द्राक्षशिवारात तर वाट कधी कधी हातभर रुंद उरते. अरुंद टायरच्या सायकलीने इथे मनगटे भरून येतात. ४५ मिलिमीटरचे टायर थोडी हवा कमी ठेवून वापरले तर दिवसाला साठ किलोमीटर आनंदाने होतात. तुलूझहून समुद्राकडेच जावे, उलट दिशेने येऊ नये, कारण त्या पट्ट्यात वाहणारा पश्चिमेचा जोरकस वारा पाठीशी असणे आणि छातीवर असणे यांत सबंध सहलीचा फरक पडतो.

त्या कालव्याच्या काठी सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष होते. २००६ मध्ये तिथे एका बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून रोगट झाडे तोडून जागीच जाळावी लागत आहेत. त्यांच्या जागी दुसऱ्या जातींची रोपे लावली जात आहेत. काही टप्प्यांत तासन्‌तास गर्द सावली मिळते आणि मग एकाएकी काठीला बांधलेल्या कोवळ्या रोपांची ओळ सुरू होते. तिथे दुपारी पाण्याच्या दोन बाटल्या पुरत नाहीत.

वाइन चाखण्याविषयी लेखात भरपूर आले आहे, म्हणून मी दोनच गोष्टींची भर घालतो. फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. आणि लहान बागायतदाराच्या घरी जायचे तर आधी वेळ मागून घ्यावी, दुपारी बारा ते दोन जेवणाच्या वेळी दार ठोठावू नये. तिथे चाखायला देणारी व्यक्ती बहुधा सकाळी बागेत राबून आलेली असते.

आपल्या नाशिकमधूनही आता पुष्कळ सायकलस्वार परदेशी जात आहेत. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केल्यापासून या शहरात सायकलीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. वाइनरीही आपल्याकडे रुजल्या आहेत आणि गंगापूर, दिंडोरी भागातल्या बागांमधून सायकलचे गट रविवारी जाताना दिसतात. जानेवारी ते मार्च या आपल्या तोडणीच्या दिवसांत याच रस्त्यांवर क्रेट भरलेले पिकअप चालू असतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दाराशीही येऊन ठेपला आहे.

आपणास विनंती एवढीच आहे की या विषयावर पुरवणीत पुन्हा लेख येईल तेव्हा प्रत्येक मार्गासोबत तीन गोष्टी छापाव्यात: वाट डांबरी की कच्ची, ती गावाची की बागायतदारांच्या वहिवाटीची, आणि त्या भागात तोडणी साधारण कोणत्या आठवड्यांत असते. बर्गंडीत आणि शँपेनमध्ये ती बहुतेक वर्षी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर या काळात येते व दर वर्षी पुढे-मागे होते, म्हणून विमानाची तिकिटे काढणाऱ्यांना मे-जून किंवा ऑक्टोबरचा पूर्वार्ध सुचवावा. ऑक्टोबरात घड उतरलेले असतात, पाने पिवळी झालेली असतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला थांबून दोन शब्द बोलायला सवड असते. आमच्याकडे त्याच सुमारास छाटणी सुरू होत असल्याने मला स्वतःला तेव्हा जाता येत नाही; ज्यांना जमेल त्यांनी मात्र जरूर जावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक